आक्का सुरतेला खाट घेऊन गेल्या

शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर दुकानाच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. त्यामुळे अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातात राहत नाहीत, हे कधी कुणाच्या वाचण्यात आलं तर समजून घ्यावं. पण आक्कांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. माझ्या थोरल्या नणंदेइतकं नीट झोपणारं माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरं झालेलं नाही, होणारही नाही. आपण झोपतो म्हणजे पडतो आणि डोळे मिटतो. आक्का झोपायच्या तेव्हा घरात काहीतरी कार्य असल्यासारखं वाटायचं. आमच्या अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात. आक्का म्हणायच्या, "झोपले बलावनं पडस. ती काय आपली चाकर शे?"

झोपेला बोलवायची त्यांची रीत अशी. दिवेलागण झाली की आधी त्यांची खाट झाडायची. ही खाट अंबाडीच्या दोरीने त्यांनी स्वतः विणलेली, दर वर्षी होळीनंतर उकलून पुन्हा ताणून बांधायची, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी नुसतं टेकायचंही नाही. मग चारी पाय जमिनीवर आपटून बघायचे. डोकं पूर्वेला, उत्तरेला कधीच नाही. पाय धुवायचे, पुसायचे, तळव्यांना तेल लावायचं, उशाशी तांब्या झाकून ठेवायचा. एवढं झालं की घरातल्या प्रत्येकाने शेवटचं एक बरं वाक्य बोलायचं आणि त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. इथेच आमच्याकडे रोज गडबड व्हायची. माझ्या मालकांचा स्वभाव असा की दिवा मालवला की त्यांना नेमकं वाईट काहीतरी आठवतं. "उद्या लाइट जायनार शे," असं ते अंधारात म्हणाले की आक्का उठून बसायच्या. पुन्हा पाय धुवायच्या, पुन्हा तेल. "आते काही तरी बरं बोल, भाऊ." बिचारे डोकं खाजवून म्हणायचे, "उद्या बजारमाईन मेथी लयसू." तेव्हा कुठे घर झोपायचं. मला बोलायचंच सुचत नसे. मी रोज तेच म्हणायचे, आज भाकरी बऱ्या फुगल्या. ज्या दिवशी भाकरी करपलेल्या असत त्या दिवशीही हेच. आक्कांनी कधी हरकत घेतली नाही.

पंख्यावरून मात्र बहीण-भावाचं कधी पटलं नाही. मालकांना थंडीतही पंखा पाचवर लागतो, त्याची घरघर ऐकू आली नाही तर ते तळमळतात. आक्कांचं म्हणणं, "पंखा झोपना तुकडा करस." एक बंद करून जायची, दुसरा उठून चालू करायचा, आणि मधे मी गोधडी डोक्यावरून ओढून पडलेली. त्यावर मला वेगळी बोलणी बसायची. "तू काय मडं शे का वं, तोंड झाकीसन जपस? झोप येस, तुले वळखत नही, आनि शेजारनीकडे चालनी जास." मला हसू यायचं, पण खरं सांगते, मी हळूच नाक उघडं ठेवायला लागले.

मिरचीच्या दिवसांत आम्ही दोघी नंदुरबारला पथारीवर देठ खुडायला जायचो. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मोठं मोकळं रान, नजर पोचेल तिथवर लाल. हवेत मिरचीचा असा तिखट खकाणा असतो की नवीन बाई पहिले दोन दिवस खोकत आणि डोळे पुसत काढते. त्या खकाण्यात, दुपारची भाकर झाली की आक्का मिरचीच्या पोत्यांवर आडव्या व्हायच्या, ओलं फडकं तोंडावर घ्यायच्या आणि झोपायच्या. नवीन आलेल्या मुनीमजींनी एकदा ते बघितलं. फडकं हलेना, पोट हलेना. त्यांनी घाबरून हाका मारल्या, सगळ्या बाया धावल्या, एक तर रडायलाच लागली. तेवढ्यात फडक्याखालून आवाज आला, "मरेल नही, जपेल शे. गलका करा, पन हात लावू नका." त्यांना आवाजाचं काहीच वाटायचं नाही. गल्लीतल्या लग्नात डीजेच्या डब्याला टेकून त्या गाढ झोपल्या होत्या आणि डीजे थांबला तेव्हा दचकून उठल्या. मला शेजारच्या घरात भांडं पडलं तरी जाग येते. मी त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. देवळात बसल्यासारखं वाटायचं.

आक्का लहान वयात विधवा होऊन लेकराला घेऊन माहेरी आल्या, तेव्हापासून आमच्याचकडे. तो मुलगा मोठा झाला, सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, लग्न झालं, गेल्या साली मुलगी झाली. सून बाळंतपणाला माहेरी होती, मग सुरतेला गेली. आणि एका सकाळी मुलाचा फोन आला. "माय, पोर जपत नही. आम्हीबी जपत नही." काल मशीनवर उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता आणि शेजारच्याने मागे ओढलं म्हणून हात वाचला. आक्कांनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि खाट झाडायला लागल्या. दुपारी म्हणाल्या, "पोरी, चाल मन्हासंगे. महिनाभरमा येसू परत." महिनाभर, हे ऐकून मला बरं वाटलं. त्यांच्याशिवाय ते घर मी कधी बघितलेलं नव्हतं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझ्या शेजारी त्यांची खाट आहे.

आणि ती खाट त्यांनी सुरतेच्या गाडीत चढवली. मी लाजेने पदर तोंडावर घेतला. दोन माणसांनी हात लावला, दाराजवळच्या जागेत ती उभी केली. तिकीट तपासनीस आला. "बाई, ये क्या है?"

"खाट शे."

"सामान का पैसा लगेगा."

"सामान नही. बिछाना शे. तिन्हावर मीच जपस, आनि मन्हं तिकीट काढेल शे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तो कपाळाला हात लावून पुढच्या डब्यात गेला. गर्दी ओसरली तशी आक्कांनी खाट आडवी केली, आणि जिच्यावर मला कधी टेकू दिलं नाही तिच्यावर नवापूरला चढलेल्या एका दमेकरी म्हाताऱ्याला झोपवलं. पण डोकं पूर्वेला हवं. आणि तिकडे डोंगरातून गाडी वळणं घेत जाते. प्रत्येक वळणाला आक्का खिडकीतून ऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, जरासा फिरा." म्हातारा व्याऱ्यापर्यंत खाटेवर घड्याळाच्या काट्यासारखा फिरला. उतरताना आक्कांना म्हणाला, "बहीन, बसी ऱ्हातू तर जास्त आराम व्हता."

मुलाची खोली चौथ्या मजल्यावर. खाट जिन्यातून तिरकी, उभी, उलटी करत वर नेली. सुनेच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती बारावी शिकलेली, नंदुरबार गावातली, शुद्ध बोलते. बाळ पलंगावर, उशाशी मोबाइल, आणि मोबाइलमधून सुं सुं आवाज येत होता.

"हाऊ कसाना आवाज शे?" आक्कांनी विचारलं.

"पावसाचा, आई. यात दिलंय, पावसाच्या आवाजाने बाळं झोपतात."

आक्कांनी मान हलवली. "पानी पडस तवय आम्ही उठतस वं. पळतस, मिरच्या झाकाले."

बाळाला ते पटलं असावं. तिने डोळे उघडले आणि जो सूर लावला तो खालच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. सून म्हणाली, झोक्याची सवय लावायची नाही असंही यात दिलंय. आक्का तिच्याशी वाद घालतील असं मला वाटलं. पण त्यांनी सुनेचा चेहरा बघितला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नुसतं विचारलं, "दोरी शे का?" दोरी नव्हती. मुलगा संध्याकाळी कामावरून येताना आणील, असं सून म्हणाली.

तेव्हा आक्का खाली बसल्या आणि खाटेच्या पायथ्याची गाठ सोडू लागल्या. मी म्हटलं, "आक्का, खाट." त्यांनी पुढची गाठ सोडली. सगळी वीण सरसर उकलत गेली आणि चार पायांवर नुसती रिकामी चौकट राहिली. त्या दोरीला आपलं जुनं मऊ लुगडं बांधून त्यांनी माळ्याच्या लोखंडी दांड्याला झोळी टांगली, दोनदा ओढून बघितली, बाळाला आत ठेवलं. बाळ थोडं कुरकुरलं. मग गप्प. सून बसल्या जागी भिंतीला डोकं लावून झोपली. मुलगा कामावरून आला, दारात उभा राहून झोळीकडे बघत राहिला, आणि पायातले बूट न काढता आडवा झाला. आक्कांनी एकेकाच्या मानेखाली उशी सरकवली, बूट काढले. मग झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून नुसत्या फरशीवर पडल्या. पाय धुतले नाहीत. तेल नाही, तांब्या नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता.

मी हळूच म्हटलं, "आक्का, तुमनं डोकं उत्तरले शे."

"ऱ्हाऊ दे. दोरी इतलीच पुरस."

आणि त्या झोपल्या. अंगठा मात्र हलत होता, झोळी जात-येत होती. मी आजवर त्यांच्या झोपेचं नवल करत आले होते. त्या दिवशी मला कळलं की मी त्यातलं अर्धंही बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परत निघाले. खाटेच्या चौकटीवर बाळाचे कपडे वाळत होते. जिन्यात मी विचारलं, मला असं काही विचारता येत नाही, तरी विचारलं, "आक्का, कवय येशात?"

"हाई चांगली जपाले लागनी का येसू."

आता ती मुलगी पावलं टाकते. आठवड्यातून एकदा मी फोन करते आणि विचारते, "आक्का, पोर जपस का आते?"

"कोठे वं," आक्का म्हणतात. "आजून नही."

मागून सुनेचं हसणं ऐकू येतं. खोलीत दुसरा काही आवाज नसतो, दुपारची वेळ असते, आणि आक्का माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलत असतात. मीही मग आवाज खाली घेते आणि म्हणते, "बरं. पुढला हप्ताले इचारसू."