सतरा नंबरची शेवटची नळी

गल्लीतली पोरं तिला सुईबाई म्हणत आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. विषाणू आणि लशी यांच्यापायी बाईने सत्तावीस वर्षं घातली. कोणी भेटलं की आधी नजर त्याच्या दंडावर, लशीचा व्रण शोधायला, ख्यालीखुशाली मागाहून.

प्रयोगशाळेत नोकरीला लागली तेव्हा तिला अभ्यासासाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. सगळ्यांनी काखा वर केल्या, तेव्हा आईच डबा द्यायच्या निमित्ताने आली आणि बाही सरकवून बसली. नऊ वर्षांची असताना आई साथीच्या तापातून मरता मरता वाचली होती. म्हणाली, रक्त हवं तेवढं घे, पण सुई जरा बारकी बघ. त्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, बारा नळ्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरात गेलं. नळीवर नाव घालायचं नाही, हा तिथला दंडक. आई झाली नंबर सतरा.

पुढे आई गेली. नळ्याही एकेक करून कामी आल्या, उरली एक. फ्रीजर उघडला की सुईबाईचा हात उगाच त्या खोक्याकडे जायचा. बर्फ पुसायची, नंबर वाचायची, झाकण लावायची.

मग त्याच तापाची नवी लस करायची ठरली. तापातून उठलेल्याच्या अंगात ताकद किती वर्षं टिकते, हे आधी कळायला हवं होतं. साहेबांनी विचारलं, रक्त काढायच्या चाळीसेक वर्षं आधी ताप येऊन गेलेल्या कुणाचा नमुना नाही का? सतरा नंबर कोण, हे एकट्या तिलाच ठाऊक. गप्प बसती तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन दिवस तिने फ्रीजरच उघडला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आहे एक. पण चाचणीची प्लेट मी लावणार."

नळी तिच्या मुठीतच वितळली. थेंब प्लेटच्या खळग्यांत गेले, पुढचे सोपस्कार झाले आणि खळगे गडद निळे झाले. तापानंतर बेचाळीस वर्षांनी काढलेल्या आईच्या रक्तानेही तो विषाणू ओळखला होता. आता आम्ल घालून रंग थांबवायचा, तर ही नुसती बघतच राहिली. शेवटी असिस्टंटने कोपराने ढोसलं, "बाई, आम्ल."

संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला. जन्मभर शिंपीकाम केलेला, मापं लिहून घेणारा माणूस.

"आबा, आईच्या रक्तातल्या ताकदीचा आकडा आला. एक पूर्णांक आठ."

"बरा असतो का?"

"फार बरा."

"आणि नळी?"

"संपली."

पलीकडून कागद फाडल्याचा आवाज आला.

"परत सांग," आबा म्हणाले. "सावकाश. लिहून घेतो."