मंडईच्या तोंडाशी बसलेली बाई

मंगळवारी सकाळी मोहन गेला. त्याच्या बहिणीने, सुनंदाताईंनी, फोन करून सांगितलं. मी डोंबिवलीहून ठाण्याला, कोपरीत त्याच्या घरी पोचलो तेव्हा त्याला नेण्याची तयारी झाली होती.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, मी मराठी. निवृत्तीनंतर त्याला एक वेड लागलं : ठाण्यात स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत शिल्पं मांडायची, लोकांनी बाजारहाट करता करता ती बघायची. शिल्पफेरी हा शब्द त्याचाच. शिल्पकार त्याने गाठले, पालिकेची तात्पुरती परवानगीही मिळवली. प्रत्येक शिल्पाखालच्या पाटीवरच्या दोन ओळी मी लिहायच्या, हे त्याने मला न विचारताच ठरवलं होतं. जागा शोधायची त्याची रीत निराळी. भर गर्दीत तो स्वतःच पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि मी त्याची पिशवी सांभाळत कडेला. धक्के खायचा, शिव्याही खायचा. "अरे, गर्दी आपणहून वळसा घालते ना, ती जागा शिल्पाची," म्हणायचा.

मंडईच्या तोंडाशी अशाच एका जागी त्याने दगडातली बाई बसवली. रिकामी टोपली शेजारी ठेवून, पाय पसरून बसलेली. काही दिवसांतच तिच्या कपाळावर हळदकुंकू आलं, मग झेंडूचा हार. मोहन रोज सकाळी जाऊन ओल्या फडक्याने ते पुसायचा. समोर भाजी विकणाऱ्या शेवंतामावशी बघत असायच्या.

"मावशी, ही देवी नाही हो. तुमच्यासारखीच दमलेली बाई आहे."

"मग दमलेल्या बाईला कोणी कुंकू लावलं तर तुमच्या पोटात का दुखतं, सर?"

तो खूप हसला. पुसणं मात्र सोडलं नाही.

मुदत संपत आली आणि सगळी शिल्पं हलवायचं ठरलं. निदान ही एक रस्त्यावर राहावी, एवढंच मोहनला हवं होतं. अर्ज झाले, खेटे झाले. शेवटी पालिकेतला एकजण त्याच्या कानाशी लागला, "सर, शेंदूर फासा. मग कोण हात लावतोय बघू." तलावाच्या कठड्यावर बसून त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "फास की. राहील तरी."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "राहील रे... पण मग तिच्याकडे बघणार कोण? सगळे डोळे मिटून उभे राहतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला, आणि पुसणं थांबलं. शिल्पं न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी मंडईत होतो. तोवर बाईला हिरवं लुगडं नेसवलेलं, ओटी भरलेली. मजुरांनी चपला काढल्या, नमस्कार केला. "हे आपल्याला नाय जमणार," म्हणत पुढच्या शिल्पाकडे गेले. जाताना पाटी तेवढी उचलून नेली.

"राहिली की नाय, सर!" शेवंतामावशी ओरडल्या. मग माझ्या शेजारी मोहन नाही हे त्यांच्या लक्षात आलं. कोथिंबिरीची एक जुडी त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. घरी मी एकटा. ती जुडी संपता संपेना...

बाकीची शिल्पं गोदामात आहेत. ही बाई मंडईच्या तोंडाशी आहे. लोक तिच्यासमोर क्षणभर डोळे मिटतात आणि स्टेशनकडे जातात. मी अधूनमधून डोंबिवलीहून येतो, थोडा वेळ उभा राहतो आणि तिच्याकडे बघतो.