मंत्र्याच्याही खाली अक्षरं

"मी नाही लिहीत जा. काऊन लिहू? तो बुढा इंग्रजीच बोलून राह्यला ना? मंग त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं कायले पायजेत?"

"अगं, त्याचं इंग्लिश इथे कोणाला कळणार, यार? सबटायटल टाक आणि मोकळी हो," चारुदत्त म्हणाला.

नंदा दर्यापूरकडची. अमेरिकेतल्या प्लेनो गावी एका लहान कंपनीत व्हिडिओ एडिटर होती. आयर्लंडच्या टीव्हीवर वर्षभर दिसलेले कार्यक्रम अमेरिकेतल्या आयरिश घरांसाठी वेळेत बसवायचे, जाहिरातींना जागा करायची, टेप भरून पाठवायची, हे तिचं काम. २००४ सालचा गठ्ठा चालू होता. चारुदत्त तिचा मॅनेजर, पुण्याचा. तिच्या ग्रीन कार्डाची फाइल त्याच्याच सहीनं पुढं सरकायची.

आजच्या टेपवर एक मेंढरंवाला म्हातारा होता. वावरात पाणी साचलेलं. तो सांगत होता, "साहेब आला, फाटकापाशी उभा राहिला. बुटाले चिखल लागंल म्हणून आत नाही आला. आल्या पावली गेला, भाडखाऊ." शब्द त्याच्या मुलखाचे, पण नंदाला ते असेच ऐकू आले.

चारुदत्तनं त्याच्याखाली टाकायला इंग्रजी अक्षरं लिहून दिली होती, अर्थ एवढाच: 'पुरामुळे शेतकऱ्यांची गैरसोय झाली आहे.'

आणि त्याच कार्यक्रमात मंत्री खुर्चीत बसून अं-अं करत काहीच सांगत नव्हता. त्याच्याखाली एक अक्षर नाही.

नंदाचं टाळकं फिरलं. दर शुक्रवारी जेवताना नवा माणूस आला की चारुदत्त म्हणायचा, "नंदा, ते तुझं 'काऊन' म्हणून दाखव ना!" लोकं खिदळायची. पहिल्या वर्षी तीही हसली. मग डबा घेऊन आपल्या टेबलाशी बसू लागली.

"लिहायचंच असंल तं सगळ्याईच्या खाली लिहितो," ती म्हणाली.

"लिही बाई काय ते. संध्याकाळी कुरिअर येतोय."

तिनं लिहिलं. म्हाताऱ्याचं जसंच्या तसं, शिवीसकट. मंत्र्याचंही जसंच्या तसं, एकेक 'अं' मोजून. पडद्यावर मंत्र्याखाली नुसत्या अं-अंच्या ओळी सरकू लागल्या.

चारुदत्तनं टेप पाहिली आणि लालेलाल झाला. "हा काय चावटपणा आहे? मंत्री आहे तो!"

"मंत्र्याचं इंग्रजी मले नाही समजलं. मनलं लोकाईले तरी समजू द्या."

"क्लायंट फाडून खाईल मला! बदल सगळं."

"मी नाही बदलत. तुमीच बदला."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. नवी वाक्यं लिहून बसवायला वेळ नव्हता. अक्षरं उडवून टेप पुन्हा भरण्यापुरताच होता. दात खात त्यानं दोघांचीही अक्षरं उडवली. टेप भरेस्तोवर खोलीत म्हातारा एकटाच बोलत होता, खाली काही नव्हतं. त्याची शिवी खणखणीत वाजली तेव्हा दारात येऊन थांबलेला कुरिअरवाला फसकन हसला.

टेपचं खोकं कुरिअरवाल्याच्या हातात देऊन चारुदत्त नंदाकडे वळला. "उद्यापासून तू फक्त जाहिराती बसवायच्या. आणि तुझी फाइल... बघतो मी."

"पाहा. आतालोक तरी काय पुढं सरकवली?" नंदानं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मले उद्या काऊन मनून दाखव मनसान तं डबा डोक्यात घालीन. आता सांगून ठेवतो."

तो दार आपटून गेला.

नंदानं हेडफोन कानाला लावले, पुढची टेप यंत्रात सारली आणि जाहिरातीची जागा शोधायला लागली.