बघूचा चौकोन

परवा इथं रत्नागिरीत फोनवर एका पोरीनं माझं मत विचारलं, "हो की नाही, एवढंच सांगा," आणि तापलेल्या पत्र्याचा वास एकदम नाकात आला. लातूरच्या भूकंपानंतर आमच्या औशाकडच्या पत्र्यांच्या शेडमध्ये समाजशास्त्राच्या एक मॅडम लोकांची मतं विचारायला आल्या होत्या. बायकांशी बोलायला बाई हवी, म्हणून सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी कामावर घेतलं. प्रश्न एकच, नव्या वसाहतीत राहायला जाणार का? कागदावर चौकोन दोन, हो आणि नाही. पहिल्याच शेडमधली मामी चहा गाळत म्हणाली, "बघू की." शेजारीणही म्हणाली, "बघू." संध्याकाळी माझे निम्मे कागद कोरे. मॅडमबरोबर मतं विचारत फिरणाऱ्या लातूरच्या कॉलेजातल्या पोरांनी मात्र 'बघू'ला सरळ हो धरलं होतं. आता आपलं काम गेलं, असंच मला वाटलं. मॅडमनी कोऱ्या कागदांचं कारण विचारलं तेव्हा कशीबशी बोलले, "आमच्याकडं बघू म्हंजी न्हाईच, मॅडम. पर चहा पाजलेल्या पाव्हण्याला तोंडावर न्हाई कसं म्हणावं?" मॅडमनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटल्या. "म्हणजे आमचे निम्मे हो खोटे की गं!" मग पेन घेऊन स्वतः प्रत्येक कागदावर 'बघू'चा तिसरा चौकोन काढत बसल्या. "उद्या येशील ना?" त्यांनी विचारलं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बघू." "न्हाई न्हाई, येते, येते!" मी ओरडलेच. त्या मॅडमचे उपकार आठवत परवा मी फोनवरच्या पोरीला म्हणाले, "बाळ, तुझ्याकडं तिसरा चौकोन हाय का?"