गाईनंतर म्हैस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही. ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या नंदाताईंजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून तुमच्याजवळ सोपं जातंय की काय? असेलही तसं.

आधी नंदाताईंबद्दल सांगतो. मुद्दा टाळतोय असं वाटेल. थोडा टाळतोयच. पण त्या कशा आहेत हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली – सुटली कसली, मीच सोडली. इंग्रजीचा तास आला की मी शाळेमागून पळून जायचो. मामाच्या ओळखीनं इतक्या लांब कराडला आलो, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, आणि तिथून शेजारच्या मलकापुरातल्या एका छोट्या कंपनीत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर बनवते. बाई किटली घेऊन येते, काटा वजन सांगतो, मशीन फॅट सांगतं, आमचं सॉफ्टवेअर दोन्ही जोडून पावती काढतं. मला घेतलं होतं वायरी जोडायला. तिथं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नंदाताईंनी मला टेस्टिंगला बसवलं – म्हणजे सॉफ्टवेअर गावात जाण्याआधी ते तपासायला. मालक म्हणाले, "अगं, नववी शिकलाय तो." त्यावर ताई म्हणाल्या, "मग बरंच हाय की. सेंटरवर बसणारा तरी कुठं इंजिनेर असतोय?"

ताई सांगलीच्या. बोलणं तिखट, पण माणसाला कमी लेखलेलं मी कधी पाहिलं नाही. मी जेवणाचा डबा आणत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हापासून त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्त असते. "भंडाऱ्याचं पाव्हणं, भात न्हाई म्हणून रुसू नगा," म्हणतात आणि पुढं सरकवतात. अशा बाईशी मी खोटं बोललो.

आमच्या ऑफिसातली एक गोष्ट बघायला आता बाहेरची माणसंही येतात. टेस्टचा निकाल पडद्यावर कसा उमटतो, ती. ताईंनी बसवलेली मांडणी आहे. पहिल्या ओळीतच लिहून येतं – आज इतक्या तपासण्या होणार आहेत. मग एकेका तपासणीची एकेक ओळ, मराठीत: 'ठीक' किंवा 'ठीक नाही', आणि पुढं तिचं नाव. 'ठीक' असेल तर पुढं काही नाही, उगाच बडबड नाही. 'ठीक नाही' आलं तर तिच्याखाली, जरा आत सरकवून, कारण. भिंतीवर नमुना लावलाय तो असा –

ठीक नाही – गाईनंतर म्हैस
    काय केलं: गाईचं दूध मोजून लगेच म्हशीचं मोजलं
    यायला हवं होतं: म्हैस
    आलं: गाय

बस. हे वाचायला शिक्षण कशाला लागतंय? आणि प्रत्येक गोष्ट नेहमी त्याच जागी, त्याच शब्दांत येते, म्हणून दुसरा प्रोग्रामसुद्धा ते वाचू शकतो आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल खूण करतो. एकच मजकूर – माणसालाही कळतो, यंत्रालाही. जी तपासणी काही कारणानं घेतलीच नाही, तिला 'ठीक'मध्ये ढकलत नाहीत. 'घेतली नाही' असं स्वच्छ येतं, कारणासकट. आणि शेवटी पहिल्या ओळीत कबूल केल्याइतक्या तपासण्या आल्या नसतील, तर सगळ्यात खाली, ठळक: 'अपूर्ण'.

ही मांडणी जुळवताना ताई आठवडाभर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. एकेक शब्द मला विचारून ठेवला. "'अपेक्षित' ठेवू का 'यायला हवं होतं'?" मी म्हणालो, अपेक्षितला थांबावं लागतं जरा. त्यांनी लगेच खोडलं. माझं अडखळणं त्यांनी कामाला लावलं – तोवर मी ते फक्त लपवलं होतं. असं कोण करतं हो?

पण ती पहिली ओळ. सगळे तिचंच कौतुक करतात. आणि ती कशी आली, हे फक्त मला माहीत आहे.

पूर्वी निकाल इंग्रजीत यायचा. भिंतच्या भिंत इंग्रजी, आणि मध्येमध्ये हिरव्या, लाल ओळी. मला वाचता यायचं नाही. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी शेवटची ओळ बघायचो – हिरवी असली की पास. खोटं इथूनच सुरू झालं म्हणा, पण हे ते नव्हे. हे मी ताईंना नंतर सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "आरं, मग आधी बोलायचं न्हाई का?" एवढंच. तेवढ्यावर मी सुटलो असतो.

ते घडलं त्या दिवशी ताई बहिणीची सुपारी फोडायला सांगलीला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवीन सॉफ्टवेअर फलटणच्या अलीकडच्या एका गावात बसवायचं होतं. आमच्या टेस्टला खरं दूध लागतं. मी सकाळी शेजारच्या गोठ्यातून गाईचं आणि म्हशीचं, दोन्ही आणलं होतं. प्रोग्राम सांगेल तसं मशीनखाली भांडं धरायचं, बाकी तो आपला आपण पुढं जातो. निम्म्यात लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो राहिला. मशीन बंद पडलं. लाईट आली तोवर उन्हानं दूध फुटायला आलेलं. परत पहिल्यापासून करायचं तर परत गोठ्यावर जा, संध्याकाळच्या धारेची वाट बघ, मालकांना सांग की झालं नाही. मालक आधीच म्हणत होते, या पोराला जमेल का.

पडदा जिथं थांबला होता तिथं थांबलेला. शेवटची ओळ हिरवी.

वाचता येत नव्हतं हे खरं. पण थांबलंय हे कळायला इंग्रजी लागतं का? मला माहीत होतं. मी दूध मोरीत ओतलं, भांडी धुतली आणि ताईंना फोनवर म्हणालो – "सगळं पास, ताई."

राहिलेल्या तपासण्यांमध्ये 'गाईनंतर म्हैस' होती.

मशीन गाईचं दूध एका मापानं मोजतं, म्हशीचं दुसऱ्या. आमच्या नवीन सॉफ्टवेअरमध्ये चूक अशी राहिली होती की गाईच्या लगेच मागून म्हशीचं दूध आलं तर त्या पहिल्या किटलीला माप बदलायचंच नाही, पुढच्या किटलीपासून बदलायचं. मग आकडे वेडेवाकडे येतात, आणि पावतीवर दुधात पाणी दिसतं. त्या गावात गाईवाले आधी येतात, म्हशीवाले नंतर. मध्ये बदल होतो तो एकदाच. आणि त्या बदलाच्या जागेवर रोज एकच बाई उभी असायची. हौसाक्का. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, शेजारीण गाईवाली, दोघी बरोबर यायच्या – शेजारीण गाईच्या रांगेची शेवटची, आक्का म्हशीच्या रांगेची पहिली. रोज तिथंच.

त्यामुळं अख्ख्या गावात पाणी फक्त हौसाक्काच्या दुधात निघालं. रोज.

केंद्र चालवणाऱ्या तात्यांनी पहिल्यांदा सांभाळून घेतलं, मग दूध परत पाठवलं. रांगेतल्या बायकांना तेवढंच पुरलं. "आक्का, गोठ्याला विहीर लय जवळ हाय का गं?" आक्का म्हशीला पदर लावून पुसणारी बाई. ती किटली घेऊन यायचीच बंद झाली. तात्यांनाच शेवटी राहवलं नाही. त्यांनी ताईंना फोन केला, "आवं, ही बाई पाणी घालणारी न्हाई. मशीन बघा तुमचं."

ताईंनी तासाभरात चूक धरली. मग त्या दिवशीचा साठवलेला निकाल उघडला. निम्म्यात संपलेला. मला हाक मारली. मी गेलो.

"थांबलेलं दिसलं न्हाई का रं तुला?"

आणि मी म्हणालो, "नाही ताई. शेवटची ओळ हिरवीच होती."

हे ते. हेच सांगायचं होतं. ओळ हिरवीच होती, शब्द खरा होता, आणि मी खोटं बोललो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं. किती व्हायच्या होत्या हे कुठं लिहिलंय हितं? बघणाऱ्याला कळणार कसं? चूक माझी हाय." पहिली ओळ तिथं जन्मली. माझ्या खोट्याला खरं मानून त्यांनी ती रचली. आणि तरी ती ओळ इतकी चोख आहे की तेव्हापासून निम्म्यात थांबलेली एकही टेस्ट आमच्याकडून पास म्हणून गेलेली नाही. म्हणजे त्यांनी माझ्या खोट्यातूनसुद्धा चांगलंच काढलं. याला काय म्हणावं मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला त्या मला घेऊन त्या गावात गेल्या. तात्यांनी हौसाक्काला बोलावून आणलं होतं. पुरी रांग उभी. नंदाताई किटल्यांच्या मधून पुढं गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आक्का, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. एक दिवसबी नव्हतं. चूक माझी हाय. मी हात जोडते." आणि खरंच जोडले.

हौसाक्कानं ताईंचे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाली, "तू कशाला हात जोडतीस बाई? तुझी मशीन काय माझी चेष्टा करीत न्हवती." आणि रांगेकडं बघितलं. रांग खाली बघत होती. मीही.

मी ताईंच्या पाठीमागं उभा होतो, दोन पावलांवर. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. दोन पावलं जायला किती वेळ लागतो?

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "गप का रं? तुझी न्हाई चूक, मनाला लावून घिऊ नगंस." मी मान हलवली. तीच मान मी अजून हलवतोय – परवा फलटणहून काही माणसं मांडणी बघायला आली, तेव्हा ताईंनी मला पुढं केलं. "ही पहिली ओळ हाय न्हवं, ह्याच्यामुळं सुचली मला. हा खरं बोलला म्हणून." माणसांनी माझ्याशी हात मिळवला.

हौसाक्काची म्हैस गेल्या महिन्यात व्याली. तिनं तात्यांच्या हाती खरवस पाठवला. ताईंनी डबा माझ्यापुढं ठेवला. "तुझ्यासाठी हाय. म्हणाली, त्या दिवशी मागं उभं ऱ्हाऊन रडवेला झालेला पोरगा, त्याला द्या."

वेलदोडा घातलेला होता. मी सगळा खाल्ला.