चाळीसचा भाव

भावबाईला चिडलेलं पाहिलं नाही असा माणूस भावपत्रकाच्या त्या कचेरीत शोधून सापडला नसता. पण त्या मंगळवारी ती जशी चिडली, तशी चोवीस वर्षांत चिडली नव्हती. आणि खरं सांगू का, चिडायलाच हवं होतं.

तिचं काम एकच. रोज सकाळी छत्तीस दलालांना फोन करायचा आणि भाव विचारायचे. मोठ्या शेअरबाजाराला इमारत असते, घंटा असते, नियमांची बाडं असतात. पण फरशीचा कारखाना, गाद्यांच्या स्प्रिंगा करणारे, असल्या लहानसहान कंपन्यांना तिथे कोण दारात उभं करतो? त्यांच्या शेअरचा बाजार म्हणजे दलालांची टेबलं आणि टेबलांवरचे फोन, बस्स. प्रत्येक दलाल दोन आकडे सांगतो: इतक्याला घेईन, इतक्याला विकेन. मधलं अंतर त्याच्या खिशात. भावबाई ते आकडे लिहायची, पुढे दलालाचं नाव आणि फोन नंबर, आणि दुपारी ते पत्रक छापून गावभर जायचं. लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

वहिनीनेही ठेवला. वहिनी म्हणजे तिच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फरशीच्या कारखान्यात होता. बोनसऐवजी कंपनीने त्याच्या हातात चारशे शेअर टेकवले होते. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातलाच एक फोरमन वहिनीकडे आला, म्हणाला, पंचवीसला द्या, रोख देतो. भावबाईनेच मोडता घातला. "वेडी आहेस का? पत्रकात चाळीस आहे. मी माझ्या हाताने लिहिते. थांब!" वहिनी थांबली. आता घरमालक दोन खोल्या विकायला निघाला होता. महिनाअखेर अर्धी रक्कम भरली तर खोल्या वहिनीच्या, नाहीतर चंबूगबाळं आवरा.

फरशीच्या शेअरचा भाव देणारा अख्ख्या पत्रकात एकच दलाल. कचेरीत त्याला साखरतोंड्या म्हणत. वहिनीने त्याला सात वेळा फोन केला. साहेब जेवायला गेलेत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या करा. सातव्या वेळी साहेब सापडले आणि म्हणाले, "अहो ताई, तो भाव नुसता दाखवायचा असतो." वहिनीने हे सोमवारी रात्री सांगितलं आणि भावबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवारी दहा वाजता तिने नेहमीच्याच आवाजात फोन लावला.

"फरशी?"

"चाळीस-पंचेचाळीस, बाई."

"पक्का?"

"रोज काय विचारता हो! पक्का."

"किती नग घेणार?"

"लिहा की शंभर."

"मग माझ्या वहिनीचे शंभर आत्ता घ्या. कागद घेऊन माणूस पाठवते."

पलीकडून गुळगुळीत हसू. "बाई, तुम्ही तर मनावरच घेतलंत. घ्यायचा भाव छापला नाही तर माझे पंचेचाळीसला कोण विकत घेईल? लोकांना वाटलं पाहिजे ना, उद्या परत चाळीसला जातील म्हणून."

"म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! आणि वाढायला मी!" भावबाई ओरडली. "चोवीस वर्षं माझ्या अक्षरात लोकांच्या तोंडाला पानं पुसलीस, मेल्या!" चोवीस वर्षांत तिने कुठल्या दलालाला अरे-तुरे केलं नव्हतं.

त्याने फोन ठेवला. तिने फरशीच्या ओळीवर काट मारली, इतकी जोरात की कागद फाटला. तिथे लिहिलं, "भाव नाही."

मग उरलेल्या पस्तीस जणांना तोच प्रश्न. किती घेणार? आत्ता पाठवू? एकाला खोकला आला. एकाने रॉंग नंबर म्हणून सांगितलं, त्याच माणसाने, ज्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे बाईने खाल्ले होते! एकोणीस जणांनी भाव मागे घेतले. चोवीस वर्षं तिने "पक्का?" विचारलं आणि "पक्का" ऐकून पुढचा नंबर फिरवला, "किती?" हा प्रश्न तिला एकदाही सुचला नव्हता. त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

पत्रकाचा मालक धावत आला. "बाई, अर्धं पत्रक कोरं! दलाल ओळीमागे पैसे देतात, विसरलात? धंदा बसवताय माझा!"

"बसू दे. उभा होता तो कशावर, ते कळलं आज."

तोवर छपाई सुरूही झाली होती. मालक कपाळाला हात लावून बसला.

संध्याकाळी ती ताठ मानेने वहिनीकडे गेली. वहिनी कांदा चिरत होती. भावबाईने सगळं सांगितलं: साखरतोंड्या कसा चरफडला, मालकाचं तोंड कसं उतरलं, खोटा भाव कसा एका फटक्यात खोडला. वहिनीने ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवली.

"तो फोरमन आज दुपारी आला होता," ती म्हणाली. "पंधराला घेतो म्हणाला. मी हो म्हटलं. खाली सहीचे कागद आणायला गेला, येताना पत्रक घेऊनच आला. 'भाव नाही' दाखवलं मला, म्हणाला, ज्याला भावच नाही ते घेऊन काय करू, आणि गेला."

भावबाई म्हणाली, "पण वहिनी, ते खोटं होतं गं."

"होतं ना. खोडलंस ते बरंच केलंस." वहिनीचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर चढला. "पण छत्तीस जणांना फोन केलेस तू सकाळपासून. सदतिसावा मला केला असतास तर हात झिजला असता का तुझा?"