अडकलेल्या माणसाशी काय बोलावं

तिला घरचे भिंगरी म्हणतात. खरं नाव वेगळं आहे, चांगलं चार अक्षरी आहे, पण ते फक्त पगाराच्या पावतीवर येतं. एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नाही. जेवता जेवता उठते, फोनवर बोलताना घरभर फिरते, सिनेमाला गेली तर मध्यंतराआधी दोनदा बाहेर जाऊन येते. आणि जे पायांचं तेच कामांचं. नर्सिंगचा कोर्स धरला आणि सोडला. शिवण शिकायला लागली, बाह्या लावायची वेळ आली तशी मशीनच विकून टाकलं. पोहायला शिकली ती कमरेइतक्या पाण्यापर्यंत. लग्न मात्र नवऱ्याने अर्ध्यावर सोडलं. तेवढं एक माझ्या नावावर धरू नका, असं तीच हसत हसत सांगते. तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं, पडद्यांचं दुकान आहे. बहीण सध्या काय करते असं कुणी विचारलं की तो एका शब्दात आटपतो: आरंभशूर!

टिकून केलेली गोष्ट एकच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या फोनखोलीत ती वर्षानुवर्षं काम करते आहे. कुठल्याही इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं की फोन तिच्या टेबलावर वाजतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला धीर द्यायचा, एवढंच काम. कानाला हेडफोन, त्याची वायर टेबलाला जखडलेली. उठायची सोयच नाही. गंमत म्हणजे तिथे तिला उठावंसं वाटतही नाही. फोन घेतला की आधी ती काही क्षण गप्प राहते. आत किती माणसं आहेत, कोण रडतंय, कोण उगाच हसतंय, कुणाला धाप लागलीय, हे त्या शांततेत कळतं. मग ती बोलायला लागते, आणि एकदा लागली की तिच्या जिभेला विसावा नाही.

यातूनच तिच्या डोक्यात कॉम्प्युटर गेम बनवायचं खूळ शिरलं. व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकली. आवाज ऑफिसातल्या माणसांचेच घेतले. गेमचं नाव ‘मधला मजला’. खेळणारा फोनखोलीत बसलेला आहे आणि एकामागून एक फोन येत आहेत. पडद्यावर दोन-तीन वाक्यं दिसतात, त्यांतलं काय बोलायचं ते निवडायचं. भलतंच बोललात तर आतला माणूस घाबरतो, नीट बोललात तर दम धरतो. दरवाजा उघडला की पुढचा फोन.

स्वतंत्रपणे गेम बनवणारे आणि विद्यार्थी यांच्यासाठी त्यांच्या विभागात दर वर्षी स्पर्धा होते, महोत्सव भरतो. भिंगरीने प्रवेश घेतला, गेमची निवड झाली, टेबल मिळालं. परीक्षकांना ज्यांचा गेम पटेल त्यांना एका स्टुडिओत वर्षभर काम करायला मिळणार होतं. पण खरं सांगायचं तर तिचा जीव स्टुडिओत अडकलेला नव्हता. कुणीतरी मंचावरून, माईकवर, दादाच्या देखत म्हणायला हवं होतं की हिने एक गोष्ट तरी पुरी केली.

घोळ एवढाच होता की ती पुरी झालेलीच नव्हती.

गेममधला शेवटचा फोन एका आजोबांचा. हा फोन तिला खरंच आला होता. आजोबा एकटेच अडकलेले, आवाज शांत. मेकॅनिक आता पोचतीलच असं तिने सांगितलं, तर म्हणाले, “बाई, दरवाजा एवढ्यात उघडू नका. इथे बरं वाटतंय.” याला काय उत्तर द्यावं या विचारात ती असतानाच मेकॅनिकने दरवाजा उघडला. आजोबा त्याचे आभार मानून जिन्याने निघून गेले. भिंगरीचं उत्तर राहिलं ते राहिलंच. गेममध्ये तिने ते वाक्य घातलं, आणि त्यानंतर काही सुचेना. किती वाक्यं लिहिली आणि पुसली! सगळी फोनखोलीच्या छापाची: काळजी करू नका, सगळं ठीक होईल. महिनोन्‌महिने ते घोंगडं भिजत पडलं. शेवटी प्रवेशाची मुदत आली, तेव्हा तिने बेधडक ‘गेम पूर्ण आहे’ असं कळवून टाकलं. महोत्सवाच्या गर्दीत माणूस दहा मिनिटं टिकला तरी खूप, शेवटापर्यंत कोण जातंय मरायला, असं तिने स्वतःला समजावलं.

महोत्सव एका तंत्रविद्यालयाच्या हॉलमध्ये होता. एरवी तिथे मुलं बॉल खेळत असणार. जमिनीवर रंगीत पट्टे आखलेले होते आणि त्यांच्यावर टेबलांच्या रांगा. टेबलांखालून वायरींचं जाळं, त्यावर चिकटपट्ट्या. कुणाचा माऊस चालेना, कुणाला प्लग मिळेना, कुणी जमिनीवर मांडी घालून शेवटच्या चुका दुरुस्त करत होतं. दादा दुकानाच्या गाडीतून कॉम्प्युटर घेऊन आला होता. मॉनिटर ठेवता ठेवताच त्याने टेबलावरच्या कापडाची परीक्षा केली. “एका बाजूला चार बोटं जास्त सोडलंय. कोण करतं असली कामं?”

तेवढ्यात स्वयंसेविका नियम सांगून गेली. कुणी खेळत असताना गेम बनवणाऱ्याने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. गेम काय आहे ते गेमनेच सांगायला हवं. परीक्षकांसमोर बोललात तर टेबल बाद.

दादा हसून हसून खोकायला लागला. “हिने गप्प बसायचं? भिंगे, सामान परत गाडीत टाकू का?”

 ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या मारत होती.

पहिला खेळणारा आला तसा गेला. दुसऱ्याचंही तेच. कारण गेम सुरू झाला की पडदा काळा व्हायचा आणि हेडफोनमध्ये नुसता कुणाचा तरी श्वास. या वेळी काही दाबायचं नाही, ऐकायचं. दाबलंत तर शांतता पुन्हा पहिल्यापासून. फोनखोलीत हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं होतं, म्हणून ते वेगळं सांगावं असं तिला वाटलंच नाही. गेम खेळायला आलेला माणूस मुळात बटणं दाबायलाच आलेला असतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. लोक धडाधड दाबत, वाट बघत, पुन्हा दाबत. “हँग झालाय बहुतेक,” म्हणून उठत. एकाने तर उपकार केल्यासारखा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून दिला. शेजारच्या टेबलावर कॉलेजातल्या एका मुलीचा गेम होता, त्यात मांजर फळीवरची भांडी खाली ढकलत सुटतं. तिथे ही झुंबड.

“अगं, ‘थांबा’ एवढं लिही ना तिथे,” दादा म्हणाला. “एक शब्द. कागदावर लिहून चिकटवू का मी?”

“नको. गेमने स्वतः सांगायला हवं.”

“काय सांगतोय गेम? त्याची तर वाचा बसलीय!”

भिंगरी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “असू दे.” तत्त्वाची गोष्ट आहे, असं तोंडाने म्हणाली नाही एवढंच. एकेक माणूस उठून जाई तेव्हा तिला राग येई, आणि त्या रागाच्या खाली हळूच बरंही वाटे. चला, आणखी एक जण शेवटापर्यंत पोचायचा टळला. हे तिचं तिला कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. आजवर तिने कामं अर्धी सोडली होती, पण उजळ माथ्याने सोडली होती. ही असली लबाडी पहिल्यांदाच.

दुपारी दादाचे पाय भरून आले. खुर्ची रिकामी होती, तो बसला. गोंगाट नको म्हणून हेडफोन कानावर चढवला. खेळायचं त्याच्या मनातच नव्हतं, म्हणून त्याने कुठलंच बटण दाबलं नाही.

जरा वेळाने, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तो म्हणाला, “भिंगे, कुणीतरी रडतंय गं इथे.”

ती बोलू शकत नव्हती. पडद्यावर वाक्यं उमटली. दादाने ती बोट ठेवून वाचली आणि एक निवडलं.

मग दादा उठेचना. गिऱ्हाइकाला अख्खं वाक्य पुरं करू न देणारा हा माणूस, प्रत्येक फोनला आधी गप्प बसून ऐकायला लागला. रडणाऱ्या मुलीला त्याने बाहेर काढलं. पार्सल घेऊन अडकलेल्या माणसाला काढलं. एकमेकांशी बोलणं टाकलेले दोन सहकारी एकाच लिफ्टमध्ये अडकले, तेव्हा तो पडद्यालाच ओरडला, “अहो, सोडा ना आता!” आजूबाजूचे हसले. मांजरवाली मुलगी कुतूहलाने येऊन उभी राहिली. “काका बरेच पुढे गेले की!” ती म्हणाली. भिंगरी मनात मोजत होती. आता फोन तीनच राहिले. आता दोन. ती टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ लागली. वायर उपटावी असंही तिच्या मनात येऊन गेलं.

नेमक्या त्याच वेळी परीक्षक बाई आल्या. “जरा उठता का? मला खेळून बघायचंय.”

दादाने मान न वळवता पंजा वर केला. “थांबा हो. आत माणूस आहे.”

बाई हसल्या. “बसू दे त्यांना, मी बघते,” म्हणत त्यांनी टेबलावरचा दुसरा हेडफोन कानाला लावला.

आजोबांचा फोन आला. दादा गप्प राहिला. पहिल्या दोन वेळा पडद्यावरची वाक्यं त्याने नीट निवडली. मग ते वाक्य आलं, “दरवाजा एवढ्यात उघडू नका, इथे बरं वाटतंय,” आणि पडदा काळा झाला. आजोबांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

दादा थांबला. इतक्या फोनांनी त्याला थांबायला शिकवलं होतं. थांबलं की पुढचं येतं, यावर त्याचा आता पुरता विश्वास बसला होता. परीक्षक बाईही थांबल्या, आणि थोड्या वेळाने अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “वा! काय शेवट केलाय.”

भिंगरीने ते ऐकलं. नुसतं गप्प राहायचं होतं. न केलेला शेवट मुद्दाम केलेला ठरत होता, आणि मंचावर नाव पुकारलं जायला आता तेवढंच पुरे होतं. तिने दादाकडे पाहिलं. तो पडद्याला डोळे लावून बसला होता, आजोबा आता बोलतील, मग बोलतील, म्हणून. हॉल बंद होईपर्यंत तो असाच बसला असता. 

“दादा, ऊठ,” ती म्हणाली. “पुढे काही नाहीये. मी केलंच नाही.”

परीक्षक बाईंनी हेडफोन काढला. “अहो, तुम्ही बोलला नसतात तर…” एवढं म्हणून त्या थांबल्या. “आता मला टेबल बाद करावं लागेल.”

“हो,” भिंगरी म्हणाली. बाई मांजराच्या टेबलाकडे वळल्या. मांजरवाली मुलगीही आपल्या जागी पळाली.

दादाने हेडफोन एका कानावरून सरकवला. आता तो शब्द येणार, म्हणून भिंगरी खाली मान घालून उभी राहिली. पण तो शब्द आलाच नाही.

“म्हणजे तू फोन ठेवलास?” दादा म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. “म्हातारा माणूस आत, आणि तू फोन ठेवलास?”

आरंभशूर म्हणून त्याने दहा वेळा हिणवलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. एवढ्या नोकरीत तिने अडकलेल्या माणसाचा फोन एकदाही ठेवला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ठेवला नाही रे. काय बोलायचं तेच सुचलं नाही मला.”

“मग तसं सांग त्यांना.”

“काय सांगू?”

“हेच. सुचत नाही म्हणून सांग. पण असं मुकाट बसतं का कुणी?”

 भिंगरीने शेजारचं स्टूल ओढलं, कीबोर्ड आपल्याकडे वळवला. तिकडे मंचावर माईकची चाचणी सुरू झाली, लोक पुढच्या खुर्च्यांकडे सरकू लागले. आजोबांच्या वाक्याखाली तिने लिहिलं: ‘काय बोलावं ते मला सुचत नाहीये. पण मी फोनवर आहे.’ पुन्हा वाचलं. पुसलं नाही. आजोबांच्या फोनपासून गेम सुरू करून तिने कीबोर्ड दादापुढे केला.

दादाने बोट ठेवून वाचलं आणि ते वाक्य निवडलं. आजोबांचा श्वास तसाच चालू होता. मंचावर पहिलं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. त्या दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

“आता ते काय म्हणतात?” दादाने विचारलं.

“थांब,” भिंगरी म्हणाली. “लिहितेय.”